रेडिओचा गंडा

कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही ती मिळवाल, वाचाल आणि मग मला फोन करून म्हणाल, कमलताई, तुम्ही सगळं उलटंपालटं सांगितलंत. ज्या पोरीनं एका पुस्तकापायी घरातला रेडिओ, वाशिमची एसटी आणि बापाचा विश्वास असं सगळं एकदम पणाला लावलं, तिला म्हातारपणी त्या पुस्तकाबद्दल थोडं उलटंपालटं बोलायची मुभा असली पाहिजे. एवढं सांगते की ती गाण्याची कादंबरी होती. पानोपानी गाणं होतं तिच्यात, आणि त्यातलं एकही मी कधी कानांनी ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा मी रिठदहून वाशिमला शिकायला जात होते. आमच्या वस्तीतून रोज एसटीनं शिकायला जाणारी मी एकटीच पोरगी, त्यामुळे माझी मान जी वर गेली होती ती एसटीच्या टपाला टेकायची बाकी होती. गावात उतरले की मी वस्तीतल्या पोरींशी पुस्तकी मराठी बोलायचे. 'मला' म्हणायचे, 'मले' नाही. आज ती पोरगी माझ्या दारात आली, तर आधी तिच्या हातात झाडू देईन आणि मग विचारीन, बोल बाई, काय म्हणतेस. तर या विदुषीनं वाशिमच्या वाचनालयातून ही कादंबरी आणली. लाल रेक्झिनची बांधणी, पानांना दुसऱ्यांच्या बोटांचा तेलकट वास. खूण म्हणून आत एसटीचं तिकीट घातलं आणि त्या दिवसापासून मी कामातून गेले.

कादंबरीत वत्सला नावाची पोरगी होती. गळा सोन्याचा. ती घर सोडून एका खाँसाहेबांच्या दारात जाऊन बसते. खाँसाहेब तिच्या मनगटावर गंडा बांधतात, म्हणजे लाल-पिवळा दोरा. तो बांधला की ती त्यांची शिष्या झाली. गूळफुटाणे वाटतात. आणि मग ते तिला सांगतात, मी हो म्हणेपर्यंत चारचौघांत गायचं नाही. ती वाट पाहते. वर्षं जातात. खाँसाहेब काही हो म्हणत नाहीत. वत्सला गाणार की नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या लेखकानं जाडजूड पुस्तक तोलून धरलं होतं, आणि मी एसटीत, चुलीपुढं, हरभऱ्याच्या वावरात, जिथं सापडेल तिथं त्याच्यामागं धावत होते.

आमच्या घरात गाण्याला तोटा नव्हता, पण ते वेगळं गाणं. माझा बा चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गायन पार्टीचा मुख्य गाणारा. दोन एकर कोरडवाहूचा धनी, शाळा चौथीपर्यंत, पण आवाज असा की ओट्यावर बसून त्यानं सूर लावला तर पलीकडच्या आळीतली बाई लाटणं थांबवायची. गाणी तो स्वतः जुळवायचा आणि चाली घ्यायचा रेडिओवरून. सिनेमाचं नवं गाणं लागलं की घरात सगळ्यांनी गप्प बसायचं. माय परातीतल्या भाकरीवर न थापता नुसता हात धरून ठेवायची. बा डोळे मिटून ऐकायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच चाल आमच्या गाण्याचे कपडे घालून बाहेर पडायची. म्हणून रेडिओ ही घरातली सगळ्यात मानाची वस्तू होती. फळीवर, मायनं भरलेल्या रुमालाखाली. त्याला हात लावायचा तो बानं, आणि फार तर मी, कारण मला इंग्रजी आकडे वाचता येत.

दुपारी तूर निवडताना मी आजीला आणि मायला कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायचे. आजी म्हणजे बाची माय. सुपडं पाखडताना तिचं एकच तोंड तीन कामं करायचं: फोलपट फुंकायचं, विडा चघळायचं आणि वत्सलाला नावं ठेवायचं.

"थांब वं कमे. गंडा म्हंते का थे?"

"हो. गुरू शिष्याला गंडा बांधतात."

"थ्यो बुढा गानं शिकोते का भूत उतरोते?"

"आजी, ही रीत असते गाण्यातली."

"रीत गेली चुलीत. तुह्या आजोबानं दीक्षेच्या दिसी घरातले सबन गंडे-दोरे इळ्यानं कापले व्हते. पोट्ट्याईच्या कंबरेचे करदोडेबी सोडले नाईत. वस्तीतल्या एकाबी पोट्ट्याची चड्डी त्या दिसी कंबरेवर राह्यली नाई."

माय हसून हसून सुपातली तूर सांडायची. मी मात्र नाक वर करून पुढचं पान उलटायचे. खरं तर त्याच वेळी मला शहाणपण यायला हवं होतं. बावीस प्रतिज्ञांत दोऱ्याचं नाव नाही, पण आमच्या बाच्या लेखी तेविसावी प्रतिज्ञा तीच होती. आमच्या घरात बाळाच्या हाताला काळा मणी बांधत नसत, बैलाच्या शिंगालाही नाही. कोणाला नजर लागली, ताप आला, तर गोळी आणायची. दोरा नाही.

पण वत्सलानं मला झपाटलं होतं. मला वाटायला लागलं, मलाही गळा आहे. कोणी सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी आपल्या आपल्यालाच कळतात अशी माझी समजूत. प्रश्न फक्त उस्तादाचा होता. रिठदमध्ये खाँसाहेब कुठून आणायचा? बाला गुरू करावं, तर तो सिनेमाच्या चालीवर गाणारा, म्हणजे माझ्या नव्या हिशेबात हलका. (हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि मागून थोडं दुसरंही काही येतं, पण ते राहू द्या.) शेवटी मी रेडिओला गुरू केलं.

एका दुपारी घरची सगळी वावरात होती. मी काटा फिरवत शास्त्रीय गाणं शोधलं. कोणी बाई लावून धरलेला 'आ' सोडतच नव्हत्या. एरवी असं गाणं लागलं की आजी म्हणायची, "बंद कर, त्या बाईचं पोट दुखून राह्यलं." त्या दिवशी आजी नव्हती. मी रुमाल अंथरला, वर गूळ आणि फुटाणे ठेवले. लाल-पिवळा दोरा घरात नव्हता. मायच्या शिवणाच्या डब्यात एकच रीळ होतं, काळं. म्हटलं, रंगानं काय होतं. तीन पदर करून मनगटाला गुंडाळला, एक टोक दातात धरून गाठ मारली. कादंबरीत शिष्यानं गुरूच्या तोंडात गूळ घालायचा होता. रेडिओला तोंड कुठलं? मग आवाज जिथून येतो त्या जाळीच्या फटीतून मी गुळाचे बारीक खडे एकेक करून आत सारले. उस्तादानं ते मुकाट्यानं गिळले. फुटाणे मी खाल्ले.

दोरा पोलक्याच्या बाहीत वर सरकवून ठेवला. तिकडे कादंबरीही शेवटाकडे आली होती. खाँसाहेब अंथरुणाला खिळले होते, आणि मोठी बैठक ठरली होती. वत्सला तिथं गाणार होती की नाही, ते मला पुढच्या पन्नासेक पानांत कळणार होतं. मी मुद्दाम हळू वाचत होते, ताटातला शेवटचा गोड घास राखून ठेवावा तसं. मूर्ख पोरगी. घास राखून ठेवला की मुंग्या येतात.

आल्याच. जयंती तोंडावर आलेली, पार्टीला नवी चाल हवी होती, आणि रेडिओ खरखरायला लागला. मग घोगरा झाला. मग गप्प. ढोलकवाले सदाशिवकाका संध्याकाळी आले तर बा रेडिओ मांडीवर घेऊन बसलेला. ते म्हणाले, "गंगाराम, याचा जीव गेला वाट्टे." बानं पेचकस आणला आणि मागचं झाकण उघडलं. आतून मुंग्यांची अशी रांग बाहेर पडली, जशी यात्रेची गर्दीच. तारांवर, चकत्यांवर, सगळीकडे लाल मुंग्या.

"यंदा मुंग्याईचीच चाल लावा लागते," सदाशिवकाका म्हणाले आणि एकटेच हसले.

बानं पेचकसाच्या टोकावर काहीतरी उचललं, वास घेतला. "गूळ हाये." मग घराकडे पाहिलं. "यात गूळ कोनं घातला?"

माय चुलीपुढं भाकर थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. आजीनं तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मी पाण्याचा गुंड उचलायला गेले, बाहेर पळायचा तेवढाच एक रस्ता होता. गुंड डोक्यावर घ्यायला हात वर केले आणि बाही खाली सरकली.

"कमले. इकडं ये."

गुंड खाली ठेवला.

"हात दाव."

मी डावा हात पुढं केला.

"दुसरा."

बा कधी ओरडायचा नाही. गाणारा माणूस, गळा राखायचा. पण त्या वेळी त्याचा आवाज इतका खाली गेला की सदाशिवकाकांनी उठून चपला घातल्या आणि ते न सांगता निघून गेले.

"कोनं बांधला?"

"मीच."

"कोन्या बुवाकडं गेली व्हती?"

"कोनाकडंच नाई. देवाशपथ..." ही शपथ त्या घरात घ्यायची नव्हती, हे तोंडातून निघाल्यावर कळलं. माझं पुस्तकी मराठी तर केव्हाच पळालं होतं. "गान्यासाठी बांधला बा. पुस्तकात हाये तसा."

"पुस्तकातबी काळाच हाये?"

"नाई. लाल-पिवळा. घरात काळंच रीळ व्हतं."

"काळं," बा म्हणाला. एवढंच. मग तो माझ्या मनगटाकडे असा पाहत बसला, जसं ते माझं नव्हतंच, दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

बोलली ती आजी. एरवी तिच्या बोलण्यात एक तरी टोमणा असायचा. त्या दिवशी नव्हता. "तुह्या आजोबाचा आजा काळा दोरा बांधून फिरे कमे. हौसेनं नाई. लोकाईनं बांधाले लावला व्हता. दुरूनच वळखू यावा, अंगाले अंग लागू नाई, म्हनून. बजारात हात वर करून चालावं लागे, दोरा दिसला पाह्यजे. थे गोठ सांगून सांगून मेला थ्यो. अन् तू साळा शिकून आपल्या हातानं बांधला. दातानं गाठ मारून."

घरात फक्त तवा तापत होता, आणि वरची भाकर करपल्याचा वास सुटला तरी मायनं ती उलटली नाही.

बानं विळा माझ्यापुढं सारला. "तूच काप."

तीन पदर होते. एका ओढीत तुटेना. तुटल्यावर बानं तो उचलून चुलीत टाकला. दोऱ्याला जळायला किती वेळ लागतो? मला वाटलं, तो जळतच राहिलाय.

"पुस्तक आन."

मी आणलं. मला वाटलं, तेही चुलीत जाणार. वाचनालयाचं पुस्तक, परीक्षा महिन्यावर, आणि वत्सला अजून बैठकीच्या दारातच उभी. पण बानं ते पुसलं, जसा रेडिओ पुसायचा तसा, आणि कोनाड्यात ठेवलं.

"मी वाचतो हे. काय शिकोते तुले, पाहू. तवरोक वाशिम बंद."

"बा, परीक्षा..."

"वाचून झाल्यावर सांगतो. जाशील का नाई, थे."

आता चौथी शिकलेला माणूस जाडजूड कादंबरी कशी वाचतो, ते पाहा. ओठ हलवत, एका बोटानं ओळ धरत, जोडाक्षर आलं की थांबून, मागं जाऊन. सकाळी ओट्यावर थोडं, दुपारी वावरात थोडं. सकाळी वाशिमची गाडी फाट्यावर हॉर्न द्यायची आणि माझ्याशिवाय निघून जायची. मी बाची शिदोरी घेऊन वावरात जायचे, भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, वर कांदा, आणि पुस्तक बोरीखाली दगडावर ठेवलेलं दिसायचं. माझं तिकीट त्यात किती सरकलं, ते मी लांबूनच पाहायचे. आज बोटभर. आज काहीच नाही. एकदा तर तिकीट मागे गेलेलं दिसलं आणि मला रडू फुटलं.

घरी आजीनं दुसरी आघाडी उघडली होती. "मालेगावच्या पाव्हन्याचं एक पोट्टं हाये गंगाराम. नोकरीचं नाई, पन निर्व्यसनी हाये. पोट्टी घरात बसली त दोरेच बांधन."

बा म्हणायचा, "वाचून होऊ दे." सगळं त्या पुस्तकावर येऊन थांबलेलं. मालेगावचं पोट्टंही.

रेडिओ दुरुस्तीला रिसोडला गेला होता, म्हणून घर मुकं होतं. पार्टी जुन्याच चालीवर तालीम करत होती, आणि ढोलकीची प्रत्येक थाप मला 'मुंगी, मुंगी' अशी ऐकू यायची. बा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुरुवातीला तो पुस्तक चोर पकडायला निघाल्यासारखा वाचायचा, भुवया आवळून. मग कधीतरी भुवया सुटल्या. एकदा माय म्हणाली, भाकर निवते, तर त्यानं मान न उचलता हात वर केला. गप्प राहा. नवी चाल ऐकताना करायचा तसा.

शेवटच्या दिवशी मी शिदोरी घेऊन गेले, तेव्हा तिकीट मातीत पडलं होतं आणि बा शेवटच्या पानावर होता. मी बांधावर बसले. त्याचं बोट तळाच्या ओळीपर्यंत पोहोचलं, थांबलं, आणि परत वर गेलं. तेच पान त्यानं पुन्हा वाचलं. मला वाटलं, बिचारा, चौथी शिकलेला, एका खेपेला कळत नाही. मग त्यानं पुस्तक मिटलं, गुडघ्यावर ठेवलं आणि रस्त्याकडे पाहत बसला. दुपारची वाशिमची गाडी धूळ उडवत चालली होती. ती पार दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला. भाकरीचं फडकं त्यानं सोडलं नाही, मीही सोडलं नाही.

"त्या बुढ्यानं सारी उमर तिले गाऊ नाई देल्लं," तो म्हणाला. "असा उस्ताद व्हय तुहा?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नव्हतं. पण विचारल्याशिवाय राहवेना. शिक्षा ऐकायला आलेली पोरगी, आणि जिभेवर काय आलं असेल?

"बा, शेवटी गाते का थे?"

बानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं.

"गाते. दोरा तोडते, अन् मोठ्या बैठकीत साऱ्याईसमोर गाते. लोकं उठून उभे राह्यतेत."

"मले वाचू द्या नं."

"आता कायले? सांगतलं नं. तारीख होऊन गेली पुस्तकाची. उद्या मीच देऊन येतो वाशिमले." मग फडकं सोडून भाकर मोडत म्हणाला, "परवापासून तूबी जाय. पन गान्याचं सोड कमले. तुहा गळा नाई. रेडिओतबी मुंग्या झाल्या तुह्यानं. तू वाचाले जाय."

अर्धी भाकर त्यानं माझ्या हातावर ठेवली. त्या सोल्यांच्या भाजीइतकं तिखट आणि चवदार मी पुन्हा काही खाल्लं नाही. तरी मनात राग होता. वाशिम परत मिळालं, मालेगावचं पोट्टं टळलं, पण बानं शेवट सांगून कादंबरीची मजा घालवली. मी ठरवलं, हीच त्यानं दिलेली शिक्षा. शेवट माहीत झाल्यावर ती परत मागून आणावी असं कधी वाटलं नाही. शिवाय मला तो शेवट आवडलाच होता. पुढं मास्तरीण झाले, आणि इतकी वर्षं वर्गातल्या पोरींना ती गोष्ट सांगत आले. पोरी विचारायच्या, मग बाई, ती गाते? मी फळ्याकडे पाठ करून, हात पसरून सांगायचे. दोरा तोडते! लोक उठून उभे राहतात! दोन-चार पोरी तरी त्यावर पुढं शिकल्या असतील.

यंदा माझी नात श्रावस्ती पुण्याहून आली. मी वर्णन करून करून तिचं डोकं खाल्लं होतं, म्हणून तिनं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तीच कादंबरी शोधून आणली. मी भिंग घेऊन बसले. तीन दिवस घरात कोणाला चहा मिळाला नाही. आणि शेवटचं पान आलं.

वत्सला गात नाही. खाँसाहेब जातात. बैठकीचं बोलावणं ती परत पाठवते, मनगटावरचा विटलेला गंडा डोळ्यांना लावते, तंबोऱ्याला गवसणी घालते आणि खिडकी लावून घेते. संपलं. चांगला शेवट आहे हो. मोठ्या लेखकाचा आहे, समीक्षकांना आवडला असेल. माझं बोट तळाच्या ओळीपर्यंत गेलं, थांबलं, आणि परत वर गेलं. तेच पान मी पुन्हा वाचलं. मग मला बोरीखालचा बा दिसला, आणि ती धुळीत चाललेली गाडी.

पुस्तक परत द्यायला तो स्वतः का गेला, ते मला आत्ता, या वयात कळतंय. आजोबानं घरातले गंडे कापले, बानं उरलेला चुलीत घातला. असल्या माणसानं जन्मात एकच गंडा घातला, तो मला.

परवा दुपारी श्रावस्ती पोटावर लोळत तेच पुस्तक वाचत होती. निम्म्यावर आली होती. कानातल्या तारा काढून म्हणाली, "आजी, फार छळतो गं हा म्हातारा तिला. सांग ना, शेवटी ती गाते का?"

मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि उशीखाली सारलं.

"गाते," मी म्हटलं. "दोरा तोडते, अन् साऱ्याईसमोर गाते. ऊठ आता, चहा टाक."